भिंतीवरचं बटण राहू दे

पुंता अरेनासमध्ये वारा दार ठोठावत नाही,
दारच घेऊन जातो.
म्हणून दोन्या नेवेन्कानं मला बाहीला धरून आत ओढलं,
आणि बस म्हणण्याआधी
हत्यारांची पेटी कुठे ठेवायची ते सांगितलं.

टेबलावर तीन बंद पडलेली यंत्रं,
ओळख पटवायला मांडलेली असावीत तशी.
पहिला दिवा, मुलीनं सान्तियागोहून पाठवलेला.
कंपनीनं गाशा गुंडाळला त्या मंगळवारी
तो दोनदा निळा लुकलुकला, मग नाहीच.
दुसरं हीटरचं थर्मोस्टॅट. तब्येत ठणठणीत,
फक्त आता त्याला दरमहा पैसे हवेत
घरात थंडी किती ते सांगायचे.
(ते तर माझे गुडघे फुकट सांगतात, ती म्हणाली.)
तिसरं कशासाठी होतं
हे तिलाही आठवेना.

"चौतीस वर्षं मी बंदराच्या रेडिओवर.
सामुद्रधुनीत शिरणारं जहाज
आधी माझ्याशी बोलायचं, मग किनाऱ्याशी.
तेवढ्या काळात तो रेडिओ तीनदा उघडला.
मीच. या स्क्रूड्रायव्हरनं."
लाकडी मूठ, तिच्या अंगठ्यापुरती झिजलेली.

मी पिशवीतून चकचकीत खोका काढला.
दुकानदार एका खोक्यामागे मला थोडे देतो,
ते बोललो नाही.
म्हटलं, हा आवाज ओळखतो, चेहरा ओळखतो,
तुम्ही दमलात की उजेड मंद करतो.
"मी दमले की मला कळतं.
तू हे सांग, वाऱ्यानं तार तोडली तर?"
मी खोक्याची मागची बाजू वाचू लागलो.
"कंपनी बुडाली तर?"
अक्षरं फारच बारीक होती.
"आणि याला स्क्रू कुठे आहेत?"
मी खोका उलटा केला, आडवा केला.
स्क्रू नव्हते. सगळं चिकटवलेलं,
आत कुणी जाऊ नये असं.

खाली गाडीत जाऊन
दुसरी पेटी आणली. राखाडी, साबणाच्या वडीएवढी,
कुणी भेट म्हणून देणार नाही अशी.
हिचा मेंदू जिन्याखालीच राहतो, परगावी नाही.
ही जी भाषा बोलते
ती चार कंपन्यांच्या दिव्यांना कळते,
एक मेली तरी तिघी उरतात.
"आणि भिंतीवरचं बटण?"
राहील.
"मग बस."

चार वाजता अंधारलं. पाचच्या सुमाराला
पत्र्याचं छप्पर दात खाऊ लागलं,
आणि माझ्या फोनवरची रेघ गेली.
साऱ्या मोहल्ल्याचं इंटरनेट कुठेतरी
कुंपणाला लोंबकळत असणार.
मी पक्कड हातात धरून तसाच उभा.
ती बोळातून निघाली,
चप्पल घासत, एक हात भिंतीवर,
आणि पुढे पुढे, गुडघ्याच्या उंचीवर,
एकेक दिवा लागत गेला.
टोकाला जाऊन तिनं भिंतीवरचं बटण दाबलं.
बंद. परत दाबलं. चालू. परत बंद.
जहाजानं ऐकलंय का
हे तपासावं तसं.

मग फ्यूजच्या झाकणाच्या आत
पेन्सिलीनं लिहीत बसली:
तारीख, कुठली तार कशाची,
परवलीचा शब्द, चढ्या अक्षरांत.
खाली तीन बोटं जागा सोडली.
ही कुणासाठी, मी विचारलं.
"हे बदलायला येईल त्याच्यासाठी.
कधीतरी येईलच."

पैसे मोजून दिले. पावती नको म्हणाली.
"तुझा नंबर लिही.
आणि तू नसशील तेव्हा कुणाचा, तोही."

यावर मला थोडा वेळ लागला.
मग पुतण्याचं नाव घातलं, अनिबाल.
नऊ वर्षांचा आहे.
स्क्रू कुठल्या बाजूला सैल होतो
ते अजून त्याच्या लक्षात राहत नाही,
पण विसरला की जोर करत नाही,
थांबतो, विचारतो.